यकृतातील पुनर्वापर आणि तीन वायू
प्रस्तावना

या पुस्तकात ज्या तीन वायूंची हकिकत आहे, त्यांची नावे मराठी वाचकाला बहुतेक वेळा मृत्यूच्या बातमीत भेटतात. मॅनहोलमध्ये उतरलेले सफाई कामगार एकामागोमाग गुदमरतात, तिथे हायड्रोजन सल्फाइड असतो. बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावून आंघोळीला गेलेला माणूस दार तोडून बाहेर काढावा लागतो, तिथे कार्बन मोनॉक्साइड असतो. तिसरा, नायट्रिक ऑक्साइड, गाड्यांच्या धुरातून निघतो आणि शहरांच्या हवेच्या तक्त्यात नायट्रोजनच्या ऑक्साइडांमध्ये मोजला जातो. हेच तीन वायू आपले यकृत रात्रंदिवस स्वतः तयार करत असते. त्यांच्यासाठी पेशीत ठरलेली विकरे आहेत, त्या विकरांची ठरलेली जनुके आहेत, आणि कुठल्या पेशीने कुठला वायू केव्हा सोडायचा याचेही नियम आहेत. म्हणून यांना आता विषांबरोबरच संदेशवाहक रेणू म्हणूनही ओळखले जाते.

हे वायू जे अनेक निरोप पोचवतात, त्यांतल्या एकाच निरोपाचा माग या पुस्तकात घेतला आहे. यकृतपेशीत निकामी झालेली मायटोकॉन्ड्रिया, गुंता झालेली प्रथिने आणि साठलेले चरबीचे थेंब मोडून त्यांतून पुन्हा उपयोगाचा माल काढणारी एक यंत्रणा असते. तिला ऑटोफॅजी किंवा स्वभक्षण म्हणतात. भंगारात गेलेले तांब्याचे भांडे वितळून पुन्हा तांबे व्हावे, तसा हा व्यवहार आहे. फॅटी लिव्हर, दारूमुळे होणारा यकृतविकार, सिरोसिस, यकृताचा कर्करोग, शस्त्रक्रियेत रक्त थांबून पुन्हा सुरू झाल्यावर होणारी इजा, या प्रत्येक ठिकाणी ही यंत्रणा कुठे मंदावलेली तर कुठे भलत्याच जोमाने चाललेली दिसते. आणि प्रत्येक ठिकाणी या तीनपैकी एखादा वायू तिच्या कळा फिरवताना आढळतो.

मला ठामपणे एवढेच म्हणायचे आहे की, ‘हा वायू यकृताला चांगला की वाईट’ हा प्रश्नच चुकीचा आहे. कुठल्या पेशीत, आजाराच्या कुठल्या टप्प्यावर आणि किती प्रमाणात, या तीन गोष्टी सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. या विषयावरचे निम्मे गोंधळ त्या न सांगितल्यामुळे झाले आहेत.

स्वभक्षणाची गोष्ट यकृतातच सुरू झाली हे पुष्कळांना ठाऊक नसते. बेल्जियमचे क्रिस्तियान द दूव्ह उंदराच्या यकृताचा लगदा अपकेंद्रित्रात फिरवून त्यातले घटक वेगळे करत होते. त्यातून १९५५ साली पचनाच्या विकरांनी भरलेल्या सूक्ष्म पिशव्यांना लायसोसोम हे नाव मिळाले. १९६२ साली अमेरिकेत अॅशफर्ड आणि पोर्टर यांनी उंदराच्या यकृतात ग्लुकॅगॉन सोडले. उपासाच्या वेळी स्वादुपिंडातून पाझरणारे हे संप्रेरक. पाहतात तो लायसोसोमच्या आत पेशीचेच तुकडे! पुढच्याच वर्षी लंडनच्या एका परिसंवादात द दूव्ह यांनी या प्रकाराला ऑटोफॅजी म्हटले आणि १९६७ साली रसेल डीटर यांच्याबरोबर ग्लुकॅगॉनचा परिणाम नीट मोजून दाखवला. अठ्ठेचाळीस तास उपाशी ठेवलेला उंदीर यकृतातले सुमारे ३० ते ४० टक्के प्रथिन मोडून खातो. इतक्या झपाट्याने स्वतःला खर्ची घालणारे अवयव शरीरात फार नाहीत. जनुके मात्र यकृतात सापडली नाहीत, ती सापडली यीस्टमध्ये. जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी १९९३ साली स्वभक्षण बंद पडलेले यीस्टचे पंधरा उत्परिवर्ती प्रकार वेगळे केले. त्याबद्दल त्यांना २०१६चे नोबेल मिळाले.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या चित्रांची मालिका पाहिली तर घटना अशी उलगडते. पेशीद्रवात आधी दुहेरी पडद्याची एक चपटी चकती दिसू लागते. तिच्या कडा वाढतात, ती वाकते, आणि समोर आलेल्या मायटोकॉन्ड्रिऑनला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन तोंड मिटते. तयार झालेली बंद पिशवी साधारण अर्ध्या ते दीड मायक्रोमीटरची. एखादा लायसोसोम येऊन तिला भिडतो, पडदे एक होतात, आतल्या आम्लात काम करणारी विकरे मायटोकॉन्ड्रिऑनचा चुरा करतात आणि अमिनो आम्ले, मेदाम्ले परत पेशीद्रवात येतात. सगळे काही मिनिटांत आटोपते. एखाद्या क्षणी घेतलेल्या चित्रात अशा पिशव्या फारशा दिसत नाहीत, त्याचे कारण हेच.

या यंत्रणेला सुरू-बंद करणाऱ्या कळा अनेक आहेत, पण पुढची प्रकरणे समजायला चार पुरेत. पोट भरलेले असताना एमटॉर हे प्रथिन स्वभक्षण दाबून ठेवते. पेशीतली ऊर्जा घटली की एएमपीके जागे होते आणि ते सुरू करते. बेक्लिन-१ हे पिशवी बांधायला घेणारे प्रथिन, पण बीसीएल-२ त्याला धरून बसलेले असते. जेएनके-१ने बीसीएल-२वर फॉस्फेट लावले की पकड सुटते. आणि टीएफईबी केंद्रकात शिरले की नव्या लायसोसोमांची जनुके एकदम चालू होतात. तिन्ही वायूंचे हात या चार कळांवर कुठे ना कुठे पोचतात.

फॅटी लिव्हरशी या सगळ्याचा संबंध २००९ साली स्पष्ट झाला. रजत सिंग, मार्क झाया, आना मारिया कुएर्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की यकृतपेशी चरबीचे थेंबही याच वाटेने मोडते, आणि ही वाट अडवली की उंदराच्या यकृतात चरबी साचते. याउलट, चरबी फार साचली की वाटच तुंबते. हे दुष्टचक्र भारतात आता घरोघरी आहे. सोनोग्राफीच्या अहवालावर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ असे वाचून आलेला चाळिशीचा माणूस कुठल्याही फॅमिली डॉक्टरला नवा नाही. केंद्र सरकारने २०२१ साली हा आजार मधुमेह, कर्करोग, हृदयविकार यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला, तेव्हा देशातले त्याचे प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांनुसार ९ ते ३२ टक्के असल्याचे म्हटले होते.

आता वायूंकडे वळू.

नायट्रिक ऑक्साइडची कहाणी बरीच सांगून झालेली आहे, म्हणून थोडक्यात. हृदयविकाराच्या रुग्णाने जिभेखाली ठेवायची गोळी शेवटी याच वायूच्या बळावर रक्तवाहिनी सैल करते. फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराड यांना त्याच्या शोधाबद्दल १९९८चे नोबेल मिळाले. यकृतात त्याचे वागणे मात्र चक्रावून टाकणारे आहे. सिरोसिसमध्ये यकृताच्या आतल्या बारीक रक्तवाटांमध्ये, म्हणजे सायनुसॉइडमध्ये, नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो. वाटा आवळतात आणि पोर्टल शिरेतला दाब चढतो. त्याच रुग्णाच्या आतड्याकडच्या धमन्यांत तोच वायू अतोनात तयार होतो, धमन्या फुलतात, आधीच तुंबलेल्या यकृताकडे आणखी रक्त लोटले जाते. एकाच पोटात, वीतभर अंतरावर, एकीकडे टंचाई आणि दुसरीकडे पूर. एनसीएक्स-१००० या औषधाची कल्पना यातूनच निघाली: पित्ताम्लाला नायट्रिक ऑक्साइड जोडायचा, म्हणजे तो यकृतातच सुटेल. प्राण्यांत यश आले. रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल २०१० साली प्रसिद्ध झाला. पोर्टल दाब उतरला नाही, उतरला तो रक्तदाब. वायू हव्या त्या जागी सोडणे किती अवघड आहे, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

स्वभक्षणावर नायट्रिक ऑक्साइडचा परिणाम बऱ्याचदा दाबण्याचा असतो. सोवन सरकार, डेव्हिड रुबिन्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली त्याची रीत उलगडली. हा वायू प्रथिनातल्या सिस्टीनच्या गंधकावर जाऊन चिकटतो. जेएनके-१वर चिकटला की बीसीएल-२वर फॉस्फेट लागत नाही आणि बेक्लिन सुटत नाही. दुसऱ्या वाटेने एमटॉरही चेततो. लठ्ठ उंदरांच्या यकृतात तर खुद्द लायसोसोमच्या प्रथिनांवर हा वायू चिकटलेला सापडला आहे. पिशवी बनते, पण आतला माल पचत नाही. इथवर ऐकून नायट्रिक ऑक्साइडला खलनायक ठरवायचा मोह होतो. पण सायनुसॉइडच्या अस्तराच्या पेशींकडे पाहा. त्यांच्यातले स्वभक्षण बंद पाडले तर नायट्रिक ऑक्साइडच कमी पडू लागतो, आणि इजा झाल्यावर यकृतात तंतू अधिक साचतात. म्हणजे यकृतपेशीत वायू पुनर्वापर रोखतो, तर शेजारच्या अस्तराच्या पेशीत पुनर्वापर टिकला तरच वायू टिकतो. कोलेस्टेरॉलसाठी दिल्या जाणाऱ्या सिम्व्हास्टॅटिनने सिरोसिसच्या रुग्णांचा पोर्टल दाब काहीसा उतरतो हे २००९च्या चाचणीत दिसले होते. पुढे प्रयोगशाळेत कळले की त्याच्या परिणामाची एक वाट अस्तराच्या पेशींतल्या स्वभक्षणातून जाते. एनसीएक्स-१०००ला जे जमले नाही ते एका जुन्या गोळीला थोडेफार जमले, कारण तिने वायू बाहेरून ओतला नाही. तो जिथे बनायला हवा तिथली पेशी सावरली.

कार्बन मोनॉक्साइड शरीरात बनतो याचा पुरावा कोणालाही डोळ्यांनी पाहता येतो. मुका मार लागला की कातडीखाली रक्त साकळून काळानिळा डाग पडतो, काही दिवसांत तो हिरवट होतो आणि मग पिवळा पडून विरतो. काळानिळा रंग हिमोग्लोबिनमधल्या हीम या रंगद्रव्याचा. हीम ऑक्सिजनेज हे विकर हीमचे कडे फोडते, त्यातून हिरवे बिलिव्हर्डिन, लोह आणि कार्बन मोनॉक्साइड सुटतात. हिरव्याचे पुढे पिवळे बिलिरुबिन होते. हीमच्या प्रत्येक रेणूमागे कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू. स्वीडनच्या शोस्ट्रांड यांनी १९४९ साली निरोगी माणसाच्या शरीरातच हा वायू बनतो हे दाखवले, आणि टेनह्युनेन, मार्व्हर आणि श्मिड यांनी १९६८ साली विकराची ओळख पटवली. म्हाताऱ्या तांबड्या पेशींची विल्हेवाट लावण्यात यकृताचा मोठा वाटा असल्याने हा वायू तिथे सतत निघत असतो. जपानच्या माकोतो सुएमात्सु यांच्या गटाने दाखवले की त्याच्यामुळेच उंदराच्या यकृतातले सायनुसॉइड सैल राहतात.

हा वायू मला तिघांत सर्वांत सरळ वाटतो, निदान स्वभक्षणाच्या बाबतीत. जंतुसंसर्ग रक्तात पसरलेल्या उंदरांत हीम ऑक्सिजनेज-१ वाढते आणि त्याबरोबर यकृतपेशींतले स्वभक्षण वाढते. ते विकर अडवले तर स्वभक्षण थंडावते आणि पेशी मरू लागतात. २०१८ साली असेही दिसले की अल्प मात्रेतला कार्बन मोनॉक्साइड टीएफईबीला केंद्रकात पाठवतो: खराब मायटोकॉन्ड्रिया मोडली जातात आणि त्यांच्या जागी नवी बनतात. अल्प मात्रा हे शब्द विसरून चालणार नाही. हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. म्हणून रोबेर्तो मोत्तेर्लिनी आणि इतरांनी वायू हळूहळू सोडणारे धातूयुक्त रेणू तयार केले. ते अजून प्रयोगशाळेचे साधन आहे, दवाखान्याचे औषध नव्हे.

हायड्रोजन सल्फाइडवर या पुस्तकातली सर्वाधिक पाने खर्च झाली आहेत, आणि ती मुद्दाम केली आहेत. इटलीतल्या मोदेना शहरात बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली शौचकूप उपसणाऱ्यांचे हाल लिहून ठेवले: डोळे आग होऊन अंधुक होतात, खिशातली नाणी काळी पडतात. तीन शतके उलटली, आपल्याकडे हाताने मैला उपसण्यावर कायद्याने बंदी आली, तरी गटारात उतरून माणसे मरतातच. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तोवर सावध होता येते. प्रमाण शंभर पीपीएमच्या आसपास गेले की नाकच बधिर होते आणि धोका कळेनासा होतो. हा वायू मायटोकॉन्ड्रियातले श्वसनाचे शेवटचे विकर बंद पाडतो. आणि तोच, अगदी कमी प्रमाणात असला, तर त्याच मायटोकॉन्ड्रियाला इलेक्ट्रॉन पुरवून इंधन होतो. विष आणि इंधन यांच्यामधली रेषा केवळ मात्रेची आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी प्रयोगात तपासलेली आहे.

मेंदूत हा वायू संदेशवाहक असावा असे आबे आणि किमुरा यांनी १९९६ साली मांडले. यकृतात तर त्याचे कारखाने ठासून भरले आहेत: सिस्टीन आणि होमोसिस्टीनवर काम करणारी सीएसई, सीबीएस ही विकरे आणि तिसरे ३-एमएसटी. त्याची खूण प्रथिनांवर अशी उमटते की सिस्टीनच्या गंधकाला आणखी एक गंधक जोडला जातो. सॉलोमन स्नायडर यांच्या गटाने २००९ साली उंदराच्या यकृतातल्या अनेक प्रथिनांचे १० ते २५ टक्के रेणू असे गंधकाळलेले असल्याचे सांगितले. मोजण्याच्या पद्धतीवर नंतर वाद झाला, पण हा बदल घडतो याबद्दल आता शंका उरलेली नाही. आणि ध्यानात घ्या, नायट्रिक ऑक्साइडही सिस्टीनच्याच गंधकावर चिकटतो. दोन वायू एकाच जागेसाठी भांडतात. एकाचा विचार दुसऱ्याला वगळून करता येत नाही, तो यामुळेच.

स्वभक्षणावर याचा परिणाम काय? दोन प्रयोग शेजारी ठेवतो. चरबीयुक्त आहारावरच्या उंदरांना हायड्रोजन सल्फाइड देणारे क्षार दिले, तर एएमपीके जागे होते, एमटॉर दबतो, यकृतातले स्वभक्षण वाढते आणि रक्तातले ट्रायग्लिसराइड उतरते. दुसऱ्या प्रयोगात उंदराच्या यकृताचा रक्तपुरवठा काही काळ रोखून पुन्हा सुरू केला; प्रत्यारोपणात यकृतावर हीच वेळ येते. इथे त्याच वायूने एकेटी-१ या प्रथिनाच्या वाटेने यकृताला वाचवले, आणि स्वभक्षण मात्र कमी झाले. एकीकडे स्वभक्षण वाढले आणि फायदा झाला, दुसरीकडे ते घटले आणि तरीही फायदा झाला. मला यात विसंगती दिसत नाही. चरबीने तुंबलेल्या पेशीत पुनर्वापर मंदावलेला असतो. रक्त परतल्याच्या धक्क्यात तो बेभान झालेला असतो. वायू दोन्हीकडे पेशीला तिच्या नेहमीच्या गतीकडे ओढत असावा. ‘असावा’ म्हणतो, कारण हे माझे अनुमान आहे. पाचव्या प्रकरणात त्याच्या बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा दिला आहे.

लसणातली गंधकयुक्त संयुगे माणसाच्या तांबड्या पेशींत हायड्रोजन सल्फाइड सोडतात हे २००७ साली सिद्ध झाले. त्यावरून लसणाच्या पाकळ्यांनी फॅटी लिव्हर उतरवण्याचे सल्ले मोबाइलवर फिरतात. लसणीची चटणी जरूर खावी. पण तिने माणसाच्या यकृतातले स्वभक्षण ताळ्यावर येते, असे दाखवणारी चाचणी झालेली नाही, आणि अशा सल्ल्यावर विसंबून वजन आणि साखर वाढू देणारे रुग्ण पाहून जीव तुटतो.

स्वभक्षण वाढले की यकृताचे भलेच होते, हा समजही सोडावा लागेल. सायनुसॉइड आणि यकृतपेशी यांच्यामधल्या अरुंद फटीत ताराकृती पेशी असतात. जीवनसत्त्व अ साठवलेले चरबीचे थेंब पोटाशी घेऊन त्या एरवी शांत बसून असतात. यकृताला वारंवार इजा होत राहिली की त्या थेंब मोडून त्यातली ऊर्जा वापरतात, रूप बदलतात आणि तंतू विणू लागतात. सिरोसिसचे कठीण यकृत याच तंतूंचे. आणि थेंब मोडण्याचे काम स्वभक्षण करते, हे २०१२ साली दिसले. म्हणजे यकृतपेशीत जे हवे, तेच दोन मायक्रोमीटर पलीकडे नको. कर्करोगातही हेच. शरीरभरच्या काही पेशींत स्वभक्षणाचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांना गाठी झाल्या त्या फक्त यकृतात. पण एकदा कर्करोग झाला की त्याच्या पेशी तगून राहायला याच यंत्रणेचा आधार घेतात.

मोजमापाबद्दल एक इशारा देणे मी कर्तव्य समजतो. स्वभक्षण मोजायला बहुतेक प्रयोगशाळा एलसी-३ या प्रथिनाचे पिशवीवर चढलेले रूप पाहतात. ते वाढलेले दिसले की ‘स्वभक्षण वाढले’ असे लिहून मोकळे होतात. पण पिशव्या जास्त बनल्या तरी ते वाढते, आणि बनलेल्या पिशव्या पचेनाशा झाल्या तरीही वाढते. दोन्हींत फरक करायचा तर लायसोसोमचे आम्ल बिघडवून पुन्हा मोजावे लागते. त्यासाठी मलेरियाचे जुने औषध क्लोरोक्वीन कामी येते. ही पायरी गाळलेले निष्कर्ष मी या पुस्तकात शक्यतो घेतलेले नाहीत. घेतले तिथे तसे म्हटले आहे. एखाद्या वाचकाला माहीत असलेला गाजलेला शोधनिबंध इथे सापडला नाही, तर बहुधा कारण हे असेल.

फॅटी लिव्हरमुळे सूज आणि तंतू वाढलेल्या रुग्णांसाठी अमेरिकेत पहिले खास औषध, रेस्मेटिरोम, मार्च २०२४मध्ये मंजूर झाले. ते थायरॉइड संप्रेरकाच्या ग्राहीवर काम करते, वायूंशी त्याचा थेट संबंध नाही. तिन्ही वायूंपैकी कशावरही आधारलेले, खास यकृतविकारासाठीचे औषध आज दवाखान्यात नाही. तरीही हे पुस्तक लिहावेसे वाटले, कारण वायू योग्य पेशीत, योग्य मात्रेत सोडण्याची साधने आता तयार होत आहेत, आणि ती येतील तेव्हा कुठल्या रुग्णाला ती द्यायची नाहीत हे आधी कळलेले असले पाहिजे. प्रत्यारोपणासाठी काढलेले यकृत जपण्याच्या द्रवात हे वायू वापरून पाहण्याचे प्रयोग मला यात सर्वांत आश्वासक वाटतात. अवयव शरीराबाहेर असतो, मात्रा हातात असते, आणि वायू भलतीकडे जाऊन रक्तदाब पाडण्याची भीती नसते. भारतात बहुतेक यकृते जिवंत दात्यांकडून, म्हणजे बहुधा घरातल्याच कुणाकडून मिळतात. त्यांतला एक तुकडाही वाया जाणे परवडत नाही.

वाचण्याच्या क्रमाविषयी. पेशीविज्ञान शिकलेल्यांनी पहिली दोन प्रकरणे ओलांडली तरी चालेल. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी मात्र दुसरे सोडू नये. पोर्टल दाबाचे शरीरशास्त्र तिथे आहे आणि नायट्रिक ऑक्साइडचे तिसरे प्रकरण त्यावर उभे आहे. चौथे कार्बन मोनॉक्साइडचे, पाचवे हायड्रोजन सल्फाइडचे. सहावे तिन्ही वायूंच्या आपसांतल्या झटापटीचे असून ते सर्वांत कठीण आहे, सावकाश वाचावे. रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी थेट सातव्यापासून सुरुवात करावी. तिथे आजारानुसार मांडणी आहे, आणि कुठला दावा माणसावर तपासला गेला, कुठला फक्त उंदरावर, हे प्रत्येक ठिकाणी नोंदवले आहे.